‘रडगाणं’ या शब्दाबद्दल थोडं

नर्स-डॉक्टरांच्या बर्नआउटवर, म्हणजे कामाच्या ताणाने माणूस आतून पार रिकामा होण्यावर, मी लिहिलेल्या लेखाखाली एका वाचकांची प्रतिक्रिया आलीय. बर्नआउटला आजार म्हटलं ते चूक, आकडेवारीतून कारण सिद्ध होत नाही, लेख फार लांबलाय, आणि शेवटी जसंच्या तसं हे वाक्य: "मॅडम हे रडगाणं झालं, आधीच्या पिढीने हेच काम हसत केलं, तुम्ही लोक सहनशक्ती वाढवा."

पहिला मुद्दा मान्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये, म्हणजे आजारांच्या अधिकृत यादीत, बर्नआउट आजार म्हणून नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून आहे, २०१९ मध्येच त्यांनी तसं स्पष्ट केलं होतं. माझी चूक, दुरुस्त करते. पण त्याच व्याख्येत पुढे काय आहे तेही वाचा ना, कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला गेला नाही की हे होतं असं आहे. कामाच्या ठिकाणचा ताण. माणूस कच्चा आहे असं तिथे कुठेही नाही.

आता "तुम्ही लोक". कोण लोक? मी नर्स म्हणून ११ वर्षं वॉर्डात काढलीत, त्यातली निम्मी नाइटला, आणि हे वाक्य मी इंचार्जकडून, ऑफिसातून, नातेवाइकांकडून इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर गप्प बसवत नाही. मतभेद असू देत हो, पण रडगाणं हा शब्द टाइप करायच्या आधी एक नाइट ड्युटी डोळ्यासमोर तरी आणायची होती.

एक सांगते. सलग सहावी नाइट, वॉर्डात आम्ही दोघीच, त्यातली एक नवीन. पहाटे एक आजोबा गेले. त्यांची मुलगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, सिस्टर, शेवटी काही बोलले का हो? आणि मी फाइलमधून मान वर न करता विचारलं, "बेड नंबर १४ ना?" तिने हात मागे घेतला. मी पेपर पूर्ण केले, सकाळच्या स्टाफला ओव्हर दिली, घरी जाऊन झोपले, रडू नाही की काही नाही. डोक्यात एवढंच होतं की चला एक बेड कमी झाला. चार दिवस सुट्टी मिळाल्यावर मला तो हात आठवला आणि मग मात्र झोप लागेना. मानसशास्त्रज्ञ ख्रिस्टिना मास्लाक यांची १९८१ मधली जी प्रश्नावली बर्नआउट मोजायला आजही वापरतात तिच्यात थकव्याच्या बरोबरीने नेमकं हेच मोजतात, समोरच्या माणसाकडे माणूस म्हणून बघणं बंद होणं. आता सांगा, माझी सहनशक्ती कमी होती का? उलट मी सहनच इतकं करत गेले की आतलं सगळं सुन्न झालं, आणि त्याची किंमत त्या मुलीने मोजली.

आणि "हेच काम" म्हणता, ते हेच काम नाहीये. अमेरिकेतल्या डॉक्टरांवरच्या २०१६ च्या अभ्यासात पेशंटसोबतच्या दर एका तासामागे जवळपास दोन तास कॉम्प्युटर आणि कागदपत्रांत जाताना दिसले. आधीच्या पिढीकडे ही स्क्रीन नव्हती. शिवाय त्या हसत होत्या हे तुम्हाला कोणी सांगितलं, मी ज्यांच्या हाताखाली शिकले त्या सीनियर सिस्टर ड्युटी संपली की चेंजिंग रूममध्ये दहा-दहा मिनिटं भिंतीला डोकं टेकून बसायच्या, बाहेर कोणाला दिसू द्यायच्या नाहीत एवढंच.

आकडेवारीचं म्हणाल तर, पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांच्या २००२ च्या अभ्यासात एका नर्सवर एक पेशंट वाढला की तिच्या बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली दिसली आणि ऑपरेशनच्या पेशंटचे मृत्यूही वाढलेले दिसले. कारण सिद्ध होत नाही म्हणता, नसेल होत, त्या वादात मला आत्ता पडायचं नाही. वॉर्डात उभं राहिलेल्या कोणालाही विचारा. रोस्टर आपल्या हातात नसणं, सुट्टी ऐनवेळी रद्द होणं, नातेवाईक अंगावर आले की मॅनेजमेंटने आपल्यालाच माफी मागायला लावणं, हे सगळं योगा करून जातं का?

लेख लांब आहे, राहू दे.

तुमची प्रतिक्रिया काढणार नाहीये. आजार हा शब्द आज रात्रीच बदलते, आणि पुढच्या वेळी मुद्दा काढाल तेव्हा "तुम्ही लोक" वगळून लिहा, मीही शांतपणे उत्तर देईन.