नुसतं बघायचं

सांगलीच्या माणसाने समुद्रावर नोकरी करू नये. केलीच तर बोटीचं इंजिन दुरुस्त करावं, जेवण रांधावं, चारचौघांत सांगता येईल असं काही तरी करावं. मी 'सीनियर फिशरीज ऑब्झर्व्हर' आहे.

"म्हंजे करायचं काय?" आप्पांनी विचारलं. आप्पा माझे थोरले चुलते. सगळा जन्म हळदीच्या अडतीत गेला.

"बोटीवाले मासे धरतात ते बघायचे. कुठले, किती, केवढे, ते लिहायचं."

"तू धरायचं न्हाईस?"

"नाही."

"इकायचं?"

"नाही."

"नुस्तं बगायचं." आप्पा जरा वेळ गप्प बसले. "आन् शिनियर म्हंजे मोटं मासं बगतोस व्हय?"

आता यांना काय सांगणार? हिंदी महासागरात ट्यूना धरणारी लाँगलाइन बोट एका वेळी शंभरेक किलोमीटर दोर पाण्यात सोडते. एक टोक सांगलीत धरलं, तर दुसरं कराड ओलांडून पुढं जाईल. त्याला तीनेक हजार गळ. सोडायला पाच-सहा तास आणि ओढायला त्याच्या दुप्पट. ओढताना मी डेकवर उभा. हातात पेन्सिल (शाई खाऱ्या पाण्यात टिकत नाही), न भिजणारा कागद आणि माझ्या कमरेएवढा कॅलिपर. ट्यूना म्हणजे आपला कुपा; तो नाकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत मोजायचा. तलवार मासा मात्र खालच्या जबड्यापासून, कारण वरची तलवार पुष्कळदा मोडलेली असते. मासा तडफडतोय, बोट डावीकडे कलतेय, मी उजवीकडे, आणि आकडा मात्र सेंटिमीटरात हवा.

पिवळ्या परांचा कुपा आणि मोठ्या डोळ्यांचा कुपा लहानपणी एकसारखेच दिसतात. खात्री करायची तर पोट फाडून काळीज, म्हणजे यकृत, बघायचं. मोठ्या डोळ्यांच्याच्या काळजावर रेघा असतात. आमच्या समोरच्या काकू लाइट गेलेली असताना नुसत्या चपलांच्या आवाजावरून गल्लीतले चुलतभाऊ वेगळे ओळखतात. कुणाचं पोट फाडावं लागत नाही.

बोट लागण्याबद्दल मी बोलणार नाही. आंबा घाटात एसटीची खिडकी धरून बसणारा मुलगा मी. घरून निघताना आईने आवळासुपारी दिली होती, ती पहिल्याच दिवशी संपली. इतकंच पुरे.

खरा छळ वेगळा आहे. बोटीवर पंचवीस माणसं. त्यांतला बघणारा मी एक आणि मला बघणारे चोवीस. मी पोलीस नाही, दंड करत नाही, जाळं जप्त करत नाही, फक्त लिहितो. पण भिशीची वही लिहिणाऱ्या बाईला लोक जसे वचकून असतात, तसं होतं. मी डेकवर आलो की गप्पा थांबतात. मी चहाला वळलो की कप्तानाच्या मानेला हलकासा झोका. लांब शेपटीची थ्रेशर मुशी (म्हणजे शार्क) गळाला लागली तर ती ठेवायची नाही, परत सोडायची, असा नियम आहे. तेव्हा तर सगळी बोट आधी माझ्या तोंडाकडे बघते आणि मग मुशीकडे.

कप्तानाशी मैत्र जुळलं ते भडंगामुळे. डबा भरून नेलं होतं. समुद्राच्या हवेत ते तिसऱ्या दिवशी सादळलं, स्वयंपाक्याने कढईत परतून पुन्हा कुरकुरीत केलं, आणि त्या दिवशी कप्तान पहिल्यांदा माझ्याशेजारी बसला. निरीक्षकाने कप्तानाकडून भेट घ्यायची नाही, असं आम्हाला शिकवलेलं असतं. कप्तानाला भडंग देऊ नये, असं कुणी शिकवलेलं नाही.

हिंदी महासागरातल्या ट्यूना आयोगाचा नियम असा, की मोठ्या बोटींच्या किमान 5 टक्के कामावर तरी निरीक्षक असावा. पश्चिम पॅसिफिकात पर्स सीनच्या, म्हणजे जाळ्याचा वेढा घालून मासे धरणाऱ्या, बोटींना 2010 पासून 100 टक्क्यांचा नियम लागला. आमच्या गल्लीत 100 टक्के पहिल्यापासून आहे, तेही बिनपगारी.

सफर संपली की आमची तपासणी होते. एक अधिकारी समोर बसून दोन-तीन दिवस वहीतला आकडा न् आकडा विचारतो. एवढं आटपून पहाटे सांगलीत उतरलो, तर काकू सडा घालत होत्या.

"आलास? चार किलो उतरलायस. बॅग नवीन दिसतीय, जुनीची चेन तुटली वाटतं? या खेपेला दोन म्हैने अकरा दिवस झालं."

अकराच झाले होते. मी वहीत बघून खात्री केली.

आणि आप्पा! पावसाळ्यात मी भर समुद्रात असताना कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलं याचे त्यांचे निरोप घरच्या ग्रुपवर येऊन पडलेले असतात, बंदरात रेंज आली की एकदम दिसतात: आयर्विन 36 फूट. आयर्विन 38. कोयनेतनं सोडलंय. 40 ला इशारा आणि 45 ला धोका, हे इथल्या शेंबड्या पोराला पाठ. रोज दोनदा पुलाच्या कठड्याला टेकून आप्पा पाणी बघतात. धरत नाहीत, इकत नाहीत. हे मी त्यांना बोलून दाखवलं.

"आरं, त्ये येगळं," आप्पा म्हणाले. "त्यात आपलं घर जातं."

यावर मला काही सुचलं नाही.

रविवारी आईने बाजारात पिटाळलं. "एवढी वर्षं मासे बघतोस, एक चांगला कटला आण." पाटीसमोर उकिडवा बसलो. हाताची वीत आपोआप जबड्याशी गेली, तिथून बेचक्यापर्यंत. दोन विती आणि चार बोटं. मग शेजारचा उचलला. मग त्याच्या शेजारचा.

मावशींनी सुरी खाली ठेवली.

"घ्याचा आसंल तर घ्या दादा. न्हाईतर नुस्तं बगत बसू नगा, मागं गिऱ्हाईक हाय."