वाघ शेजाऱ्याचा, निधी आपला

वाघाला चालता येतं, ही या सगळ्या प्रकरणातली मूळ अडचण. झाडासारखा एका जागी उभा राहिला असता तर बुंध्यावर नंबर घालून, नोंदवहीत चढवून आपण मोकळे झालो असतो. पण तो काळी नदीच्या खोऱ्यातून, म्हणजे दांडेली-अणशीकडून निघतो, भीमगड नाहीतर म्हादईच्या रानातून तिळारीत उतरतो आणि आंबोली, आजरा, राधानगरी करत चांदोली-कोयनेपर्यंत चढतो. वाटेत कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र अशी तीन राज्यं लागतात. एकाही नाक्यावर तो थांबत नाही, कुठे एंट्री करत नाही.

अशा बेशिस्त जनावरासाठी तीन राज्यांनी मिळून काहीतरी करावं, म्हणून समन्वय समिती नेमली जाते. तिच्यावर तुमची वर्णी लागली असं समजू या. अभिनंदन! आता अनुभवी माणसाच्या चार गोष्टी ऐका. काम करायचं कसं ते तुम्हाला येत असेलच. ते न करता कसं निभवायचं, हे मात्र शिकावं लागतं.

पहिल्या बैठकीत वाघ कुणाचा हा प्रश्न निघेल. घाईघाईनं ‘आमचा’ म्हणून बसू नका. आमचा म्हटलं की त्याला जागा द्यावी लागते, रखवालदार नेमावे लागतात, गावकऱ्यांचे हक्क ठरवावे लागतात, आणि खाणवाले, बागायतदार आणि आमदार एकाच दिवशी भेटायला येतात. त्यापेक्षा वाघाला पाहुणा ठरवा. या शास्त्रात गोव्याचा हात कुणी धरणार नाही. म्हादई अभयारण्य १९९९ साली जाहीर झालं, क्षेत्र २०८ चौरस किलोमीटर. तिथे व्याघ्र प्रकल्प करा, असं २०११ साली तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी राज्याला कळवलं. उत्तर वर्षानुवर्षं तेच: वाघ इथला नव्हे, शेजारून येतो आणि जातो. डोंगरातल्या गावांत वाघ्रोला, म्हणजे वाघदेवाला, पिढ्यान् पिढ्या नारळ फोडला जातो, पण तो देव झाला. देवाला कॅमेरा ट्रॅप लागत नाही.

पुढे जानेवारी २०२० मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या गोळावलीजवळ चार वाघ मेलेले सापडले. एक वाघीण आणि तिची पिल्लं. गुरं मारली म्हणून मढ्यात विष घातलं होतं. पाहुणी म्हणून आलेली बाई बाळंतपण उरकून, तीन मुलं हिंडवत होती, तरी ती पाहुणीच! तुमची भूमिका अशी ठाम हवी. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं महाभारतातला वाघ-वनाचा दाखला देऊन तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करा, असा आदेश दिला, तेव्हा राज्य सर्वोच्च न्यायालयात गेलं. खंडपीठानं स्थानिकांचे हक्क वर्षभरात निकाली काढा असंही सांगितलं होतं. अभयारण्य जाहीर होऊन तेव्हा चोवीस वर्षं झाली होती. हक्क ठरवायची घाई कधीच करू नये. हक्क ठरले की गावकऱ्याला भीती घालायला काही उरत नाही, आणि ‘लोकांचाच विरोध आहे हो’ हे वाक्यही हातचं जातं.

पण म्हणून अभयारण्य टाकून देऊ नका, ते कामाला येतं. म्हादईच्या पाण्याचा तंटा बघा. लवादानं २०१८ साली वाटणी केली: गोव्याला २४ टीएमसी, कर्नाटकाला १३.४२, महाराष्ट्राला १.३३. कर्नाटक पाणी वळवायला निघाल्याबरोबर, जानेवारी २०२३ मध्ये, गोव्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांनी वन्यजीव कायद्याचं कलम २९ काढलं. अभयारण्यातल्या प्राण्यांचं पाणी तोडता येणार नाही म्हणून नोटीस! कायद्याच्या दृष्टीनं अगदी बिनतोड. आणि त्याच वर्षी, त्याच अभयारण्याबद्दल, त्याच राज्याचं दुसरं म्हणणं असं की इथे वाघाला राहण्यासारखं काही नाही. दोन नस्त्या वेगळ्या कपाटात ठेवल्या की हे जमतं. तुम्हीही दोन कपाटं मागून घ्या.

पाण्यासाठी केंद्रानं ‘प्रवाह’ नावाचं प्राधिकरणही स्थापन केलं, २०२३ सालीच. वाघासाठी असं काही नाव सुचत असेल तर सांगा. लघुरूप जुळलं की निम्मं काम झाल्यात जमा असतं.

कुणी नकाशा मागितला तर? मसुदा द्या. पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचा आदर्श समोर आहे. माधव गाडगीळ समितीचा अहवाल आला २०११ साली. तो फार कडक आहे म्हणून कस्तुरीरंगन समिती बसली, तिचा अहवाल २०१३ साली. तोही कडक वाटला, म्हणून २०१४ साली मसुदा अधिसूचना निघाली. मसुद्याची मुदत संपली की नवा मसुदा. ३१ जुलै २०२४ रोजी सहावा आला: सहा राज्यं, ५६,८२५ चौरस किलोमीटर, त्यात महाराष्ट्राचे १७,३४०, गोव्याचे १,४६१. प्रत्येक वेळी हरकती मागवायला साठ दिवस, आणि हरकती येतातच. बागायतदाराची, खाणीची, धरणाची, सगळ्यांची येते. रानाची येत नाही. त्याचा अर्थ रानाची हरकत नाही, असा आम्ही धरतो.

या नकाशातून सिंधुदुर्गातला दोडामार्ग तालुका कसा निसटला, ते मन लावून वाचा. उमेदवारांना अभ्यासाला लावण्याजोगं प्रकरण आहे. गाडगीळांनी सावंतवाडी-दोडामार्ग संवेदनशील म्हटलं, कस्तुरीरंगननं वगळलं. तेवढ्या फटीत काजू आणि रबर शिरलं. या पट्ट्यातलं बरंचसं रान खासगी मालकीचं. एका बाजूनं यंत्र लावून डोंगर साफ करायचा, लाल माती उघडी पडली की रबराच्या रोपांच्या ओळी मारायच्या. लांबून बघणाऱ्याला हिरवंच दिसतं. उपग्रहालाही हिरवंच दिसतं, आणि वनाच्छादनाच्या आकडेवारीत ते आपल्या खात्यावर जमा होतं. उच्च न्यायालयानं २०१३ साली तालुक्यात वृक्षतोडबंदी घातली आणि २०२४ साली पंचवीस गावं संवेदनशील जाहीर करा म्हणून सांगितलं. न्यायालयाचा एवढा आधार असताना खात्यानं स्वतः काही करायची गरज काय? ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ हे एक वाक्य तोंडपाठ करा. पुढे काही विचारलं तर परत तेच म्हणा.

महाराष्ट्रानं एक आगळीक केली, ती सांगायला हवी. २०२० सालापासून तिळारी, आंबोली-दोडामार्ग, चंदगड, आजरा-भुदरगड, गगनबावडा, विशाळगड अशी एकामागून एक संवर्धन राखीव क्षेत्रं जाहीर करून टाकली. म्हणजे वाघाच्या वाटेवर खरोखरच थोडी कागदोपत्री सावली पडली. घाबरू नका. जाहीर करणं वेगळं आणि वनरक्षक, गाडी, डिझेल देणं वेगळं.

आता पैसा. हा भाग लक्ष देऊन वाचा, तुम्ही खरे आलात त्यासाठी.

रान तोडलं की त्याची किंमत भरायची, त्या पैशातून दुसरीकडे रान लावायचं, असा कॅम्पाचा, म्हणजे भरपाई वनीकरण निधीचा, हिशोब. कायदा २०१६ चा. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्रानं साचलेले ४७,४३६ कोटी रुपये सत्तावीस राज्यांना वाटले. पुढच्या रकमांचा वाटा नव्वद टक्के राज्याचा, दहा टक्के केंद्राचा. यातली गंमत लक्षात घ्या: जितकं रान जाईल तितका संवर्धनाचा निधी वाढतो. ज्या राज्यात एकही झाड पडत नाही त्या राज्याला यातली दमडी मिळत नाही, आणि ती योग्यच शिक्षा आहे.

खर्च कसा करावा? उत्तराखंडकडे बघा. महालेखापरीक्षकांनी २०१९ ते २०२२ चे हिशोब तपासले, त्यात कॅम्पाच्या पैशातून आयफोन, लॅपटॉप, फ्रीज आणि कूलर घेतलेले निघाले. लोक उगाच हसले. वन्यप्राण्याला अधिवास लागतो तसा अधिकाऱ्यालाही लागतो, आणि हिमालयात कूलर घेण्याएवढी दूरदृष्टी असणारा माणूस हवामानबदलावर आपल्यापेक्षा जास्त विचार करत असणार.

आणि राज्याराज्यांतल्या भागीदारीचं बोलायचं तर ग्रेट निकोबार बेटासारखी भागीदारी नाही. तिथलं सुमारे १३० चौरस किलोमीटर पर्जन्यवन बंदर, विमानतळ आणि वसाहतीसाठी द्यायचं ठरलं, आणि भरपाईची झाडं लावायला जागा शोधली हरयाणात. मध्ये समुद्र आणि अख्खा देश. निकोबारच्या मेगापोडला, म्हणजे मातीचा ढीग करून त्यात अंडी घालणाऱ्या त्या पक्ष्याला, फक्त तिकीट काढून द्यायचं राहिलंय.

आपल्याकडे इतकं लांब जायची गरज नाही. कातळावरचा माळ बघा. पावसाळ्यात एक फुटाचे खड्डे, त्यात गुडघ्याएवढी रोपं, काळी पिशवी न फाडता तशीच खाली उतरवलेली. भोवती चर, आणि दर्शनी बाजूला सिमेंटच्या ओट्यावर फलक: योजनेचं नाव, लेखाशीर्ष, क्षेत्र, रोपांची संख्या, जिवंत रोपांची टक्केवारी. टक्केवारीची जागा कोरी ठेवावी, पेंटर नंतर भरतो. मार्चपर्यंत त्या माळावर फलकच तेवढा तग धरून असतो. त्याला वर्षाआड रंग मारायची तरतूद आहे. त्या कातळावर आधी जे उगवत होतं, ते गवत, ती ऑगस्टमधली निळी-पांढरी फुलं आणि त्या डबक्यांतले बेडूक, त्याला ‘पडीक’ म्हणायचं. विसरू नका, लेखाशीर्षाखाली तोच शब्द आहे.

व्याघ्र प्रकल्पाचे पैसे केंद्र आणि राज्य मिळून देतात. केंद्राचा हप्ता उशिरा येतो, राज्य म्हणतं आधी केंद्राचा येऊ दे, आणि दोन्ही मिळून फेब्रुवारीत पोचतात. जंगलात रात्री गस्त घालणारा हंगामी मजूर जूनपासून त्याच पैशाची वाट बघत असतो, पण त्याला आत रेंज नसते, त्यामुळे तक्रार पोचायलाही वेळ लागतो. एकतीस मार्चच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र गेलंच पाहिजे. वाघ परत गेला तर कुणी खुलासा मागत नाही, निधी परत गेला तर मंत्रालयापर्यंत जावं लागतं.

तुम्ही म्हणाल, एवढ्यानं वाघ वाढतील का? वाढतील की, आणून सोडू. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० साली झाला, चांदोली आणि कोयना मिळून. आत वाघ फारच थोडे. दक्षिणेला काळीच्या जंगलात वाघ आहेत, त्यांचे पाय शाबूत आहेत आणि मधली वाट अजून पूर्ण तुटलेली नाही. पण चालत आलेल्या वाघाचं उद्घाटन कसं करणार? म्हणून ताडोबाकडच्या वाघिणी बेशुद्ध करून, पिंजऱ्यात घालून, राज्याच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला आणून चांदोलीत सोडायला सुरुवात झाली. काम जोखमीचं आहे आणि ते करणारी माणसं जीव ओतून करतात, हे मी उपरोधानं म्हणत नाही. पण तुम्ही समितीत आहात. तुम्ही फोटोत या. खालची वाट सांभाळायचा विषय निघाला तर पुढच्या बैठकीत घ्या. त्याच बाजूनं पवनार ते पत्रादेवी असा आठशेहून जास्त किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग आखला आहे. विदर्भ आणि गोवा जोडणारा कॉरिडॉर हवा होता ना? हा घ्या. शिवाय याला टोल आहे.

हत्तींनी तर आणखीच गोंधळ घातलाय. साधारण २००२ पासून कर्नाटकातून उतरलेले हत्ती दोडामार्गात आहेत, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ओंकार नावाचा तरुण टस्कर थेट गोव्यात पेडण्याकडे गेला. एका राज्यानं त्याला हाकलायचं, दुसऱ्यानं अडवायचं, तिसऱ्यानं परत घेतो की नाही ते सांगायचं. फटाके हेच तिन्ही खात्यांचं समान धोरण. भागीदारी नाही असं कोण म्हणतो?

बैठक पणजीला ठेवा. बेळगावला ठेवली तर सीमाप्रश्न निघतो आणि कोल्हापूरला ठेवली तर जेवणानंतर कुणी परत सभागृहात येत नाही. फोल्डर, ज्यूटची पिशवी, तिच्यावर वाघाचा पंजा. आत पेन, काजूगराचं पाकीट आणि मागच्या बैठकीचं इतिवृत्त. सामंजस्य करारावर सह्या करताना मागे चित्र वाघाचंच हवं, एकदा घाईत छापणाऱ्यानं चित्ता छापला तर वर्तमानपत्रवाले तेवढंच लिहितात.

एक प्रसंग मात्र तयारीनं हाताळा. समजा, गाय दोडामार्गातल्या वाडीवरची. चरायला गेली गोव्याच्या हद्दीत. मारली कर्नाटकातून आलेल्या वाघानं, आणि ओढत आणून टाकली परत महाराष्ट्राच्या ओहोळात. मालक मढ्यापाशी बसलेला असेल, कारण पंचनाम्याआधी हलवलं तर भरपाई जाते, हे त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. दुसऱ्या दिवशी वास सुटतो. कानातला बिल्ला दिसेल असा फोटो मागा. वाघ मागच्या बाजूनं खायला सुरुवात करतो, म्हणून कान सहसा राहतो, पण रात्रीतून कुत्री किंवा डुकरं येऊन गेली असतील तर तो दोष त्याचा. पशुवैद्यकीय दाखला त्याच दिवशीचा हवा. डॉक्टर मीटिंगला गेलेले असतील. मग हद्दीचा मुद्दा उपस्थित करा. मारली कुठे, सापडली कुठे, वाघ कुठल्या राज्याचा, याचा अभिप्राय तिन्ही मुख्य वन्यजीव रक्षकांकडून मागवा, प्रत माहितीसाठी समितीला. मालकाला पोच द्या, तारीख टाकून, शिक्क्यासकट. समितीची पुढची बैठक दिवाळीनंतर आहे, आणि तोवर गाय जागेवरून हलवू नये, असं त्याला लेखी कळवा.