पास्ता सॉसची बाटली आणा, पण त्यात साखर-मीठ ओतू नका

विकतच्या पास्ता सॉसबाबत लोकांचे दोन तट आहेत. एका तटाला बाटली म्हणजे आळशीपणाचा पुरावा वाटतो. टोमॅटो स्वतः उकडा, सोला, गाळा, तासभर आटवा, तरच तो सॉस! दुसरा तट बाटली उघडतो, पास्त्यावर उपडी करतो आणि पहिल्या घासालाच 'विकतचं ते विकतचंच' म्हणून मोकळा होतो. मला दोन्ही पटत नाहीत. बाटली खुशाल आणा. फक्त तो तयार सॉस आहे असं समजू नका. तो अर्धवट झालेला स्वयंपाक आहे आणि उरलेला अर्धा आपल्याला करायचा आहे.

आता तो उरलेला अर्धा म्हणजे नेमकं काय, इथेच बहुतेकांची गाडी उलट्या दिशेला जाते. सॉस चाखतात, 'काहीतरी कमी आहे' म्हणतात आणि साखर घालतात. मग मीठ. मग केचप. केचप म्हणजे काय, तर आंबट, गोड आणि खारट. आणि बाटलीत आधीच भरपूर काय असतं? आंबट, गोड आणि खारट. म्हणजे जे जास्त आहे त्यातच भर.

हे असं का असतं, ते कारखान्यात शिरल्याशिवाय कळत नाही. बाटली महिनोन् महिने फडताळात टिकायला हवी. बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू वाढू नयेत म्हणून अशा पदार्थाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट) 4.6 च्या खाली ठेवतात. सगळे टोमॅटो सारखे आंबट नसतात, म्हणून बऱ्याचदा वरून सायट्रिक आम्ल घालतात. त्याने आंबटपणा टोचायला लागला की तो झाकायला साखर. मीठ तर असतंच. मग हे सगळं गरम करून बाटलीत सीलबंद करायचं. या तापवण्यात आणि नंतरच्या साठवणीत सगळ्यात आधी जातो तो वास. तुळशीच्या कुळातल्या त्या बेसिलचा, लसणाचा, ओरेगॅनोचा वास उडून जाणाऱ्या तेलांत असतो, तो टिकत नाही. लेबलवर बेसिलचं हिरवंगार चित्र असतं आणि आत उरतात काळपट ठिपके.

दुसरी गोष्ट त्यात मुळातच नसते, ती म्हणजे भाजलेपण. मोठ्या टाकीत पातळ रस उकळतो. पाणी आहे तोवर तो 100 अंशांच्या फार पुढे जात नाही, आणि ज्या प्रक्रियेने पदार्थ खरपूस लागतो ती नीट वेगाने व्हायला साधारण 140 अंशांच्या पुढे जावं लागतं. शिवाय तेल महाग, त्यामुळे तेही बेताचंच. थोडक्यात, बाटलीत वास नाही, खरपूसपणा नाही आणि स्निग्धपणा कमी. आपण घालायचं ते हेच. बाकी कशाला हात लावायची गरज नाही.

(अवांतर: विकतचा सॉस इतका मधल्यामध्ये का लागतो, त्यालाही कारण आहे. तो सगळ्यांना चालावा लागतो. 1980 च्या दशकात हॉवर्ड मॉस्कोविट्झ या अमेरिकी संशोधकाने कॅम्पबेल कंपनीच्या 'प्रेगो' सॉससाठी ढीगभर वेगवेगळे नमुने लोकांना चाखायला दिले. निघालं असं की सगळ्यांना आवडेल असा एकच उत्तम सॉस अस्तित्वातच नाही. कुणाला साधा हवा, कुणाला तिखट, आणि सुमारे एक तृतीयांश लोकांना चक्क जाड फोडी असलेला, जो तेव्हा बाजारात नव्हता. कंपनीने तो काढला आणि खोऱ्याने पैसा ओढला. तर सरासरी जिभेसाठी केलेल्या सॉसला आपल्या जिभेकडे वळवायचं काम आपलंच.)

आता करायचं काय. बाटलीचं झाकण उघडायच्या आधी पॅन तापवा. त्यात सढळ हाताने ऑलिव्ह तेल घाला, तीन-चार चमचे. बारीक चिरलेला कांदा मंद आचेवर मऊ, पारदर्शक आणि कडांना सोनेरी होईपर्यंत परता. गाजर आणि सेलरी बारीक चिरून घातलीत तर उत्तम. गाजराचा गोडवा साखरेपेक्षा कितीतरी सभ्य असतो. घाईत असाल तर नुसता कांदाही चालेल, पण तो कच्चट ठेवू नका. एकदा आंबट सॉस पडला की कांदा शिजायचं जवळपास थांबतो. मग तो शेवटपर्यंत कचकच लागतो.

आणि आता या सगळ्यातली सगळ्यात महत्त्वाची पायरी, जी जवळजवळ कुणी करत नाही. कांदा बाजूला सारून पॅनच्या मध्यात एक मोठा चमचा टोमॅटो पेस्ट तेलात घाला आणि ती परता. नुसती गरम करायची नाही, परतायची. सुरुवातीला ती भडक लाल आणि घट्ट असते, चमच्याला चिकटते, तेल एकीकडे आणि ती एकीकडे. दोनेक मिनिटांत ती सैलावते, तेल नारिंगी व्हायला लागतं, कारण टोमॅटोचा लाल रंग पाण्यात नाही पण तेलात उतरतो. मग रंग बदलतो: भडक लालचा विटकरी, कडेला किंचित तपकिरी. तळाला पातळ थर धरतो. वासही बदलतो, डब्याचा कच्चा आंबूस वास जाऊन जरा गोडसर, भाजका वास येतो. तिथे थांबा. अजून अर्धं मिनिट गेलं तर कडू होईल. थोडं पाणी किंवा वाइन शिंपडून तळाचा थर लाकडी चमच्याने खरवडून घ्या. टाकीतल्या सॉसला जे कधीच मिळालं नाही ते त्या थरात आहे.

टोमॅटो पेस्ट नसेल तर? बाटलीतलाच पळीभर सॉस आधी गरम तेलात टाका आणि पाणी उडून तेल सुटेपर्यंत परता. जरा उडतो, अंगावर शिंतोडे येतात, जाळीचं झाकण धरा. मग उरलेला ओता.

लसणाचं म्हणाल तर बाटलीवर 'गार्लिक' कितीही मोठ्या अक्षरात लिहिलेलं असो, ताज्या दोन-तीन पाकळ्या घालाच. लसणाचा उग्र वास पाकळी ठेचल्यावर तयार होतो, आत वेगवेगळे ठेवलेले घटक एकमेकांना भेटल्यावर. आणि ते भेटवणारं एन्झाइम उष्णतेने मरतं. म्हणून झणझणीत हवा असेल तर ठेचून दोन-चार मिनिटं तसाच ठेवा, मग तेलात टाका. सौम्य हवा असेल तर अख्ख्या पाकळ्या तेलात मंद परता. जाळू मात्र नका. जळक्या लसणाचा कडवटपणा अख्खा सॉस घेऊन बुडतो. लाल मिरचीचे फ्लेक्सही याच वेळी, तेलात. तिखटपणा तेलात छान पसरतो.

आता बाटली ओता आणि झाकण अर्धवट ठेवून पंधरा-वीस मिनिटं मंद उकळू द्या. चमचा तळातून ओढल्यावर क्षणभर वाट राहिली की झालं. बिनलेपाच्या लोखंडी भांड्यात मात्र हे करू नका, आम्लामुळे धातूची चव उतरते.

आंबटपणा अजूनही टोचतोय? तरीही साखर नको. साखरेने आम्ल तसूभरही कमी होत नाही, फक्त जिभेला फसवलं जातं. चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. चिमूट म्हणजे चिमूटच. सॉस क्षणभर फेसाळेल, तो कार्बन डायऑक्साइड. ढवळा, चाखा, लागलाच तर आणखी कणभर. जास्त झाला तर सॉस निर्जीव आणि साबणासारखा लागतो आणि तिथून परत येता येत नाही. सोड्यानेही सोडियम वाढतंच, म्हणून मीठ त्यानंतरच चाखून ठरवा. सोड्याची भीती वाटत असेल तर शेवटी लोण्याचा तुकडा घाला. लोणी आम्ल मारत नाही, पण त्याच्या कडा बोथट करतं, आणि सॉसला अशी चकाकी येते की बाटली लपवून ठेवावीशी वाटेल.

खोली हवी असेल तर उमामीचा, म्हणजे त्या भरदार, रसरशीत चवीचा आधार घ्या. 1908 मध्ये किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शैवालातून ग्लुटामेट वेगळं करून या चवीला नाव दिलं. टोमॅटोत ते भरपूर असतंच. पण मासे किंवा सुक्या मशरूममधले काही घटक त्याच्या जोडीला आले की चव नुसती वाढत नाही, गुणाकार होतो. म्हणून इटालियन लोक अँकोव्हीचे खारवलेले दोन तुकडे कांद्याबरोबर गरम तेलात विरघळवतात. नंतर माशाचा मागमूस लागत नाही, फक्त सॉस भरदार लागतो. मासे चालत नसतील तर सुकी मशरूम कोमट पाण्यात भिजवा, चिरून परता आणि ते पाणी गाळून सॉसमध्ये घाला. पार्मेजान चीजची कडक साल फेकत असाल तर थांबा, ती सॉसमध्ये उकळायला टाका आणि वाढताना काढा. कडक शाकाहारी मंडळींनी मात्र लक्षात घ्यावं, अस्सल पार्मेजान वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं एन्झाइम, वापरूनच बनतं. लेबलवर शाकाहारी रेनेट लिहिलेलं दुसरं जुनं, कडक चीज घ्या, काही बिघडत नाही.

पास्ता उकडलेलं पाणी सिंकमध्ये ओतणाऱ्यांबद्दल मी फार बोलत नाही, राग येतो. त्या गढूळ पाण्यात स्टार्च असतो. तेल आणि पाणचट सॉस त्यानेच एकजीव होतात आणि पास्त्याला धरून राहतात. पास्ता वेळेच्या दीड-दोन मिनिटं आधी, जरा कडक असतानाच काढा, सॉसमध्ये टाका, वाटीभर ते पाणी घाला आणि मोठ्या आचेवर हलवत शिजवणं पूर्ण करा. ताटात पास्त्याखाली लाल पाण्याचं तळं साचतं ना, ते यानंतर साचत नाही. त्याच पाण्याने बाटलीही विसळून घ्या, तळाशी बराच सॉस चिकटलेला असतो. फक्त पाणी थोडं निवू द्या, उकळतं पाणी थंड काचेत ओतलं तर बाटली तडकेल.

मिठाचं एक सांगून ठेवते. इटालियन हिशेब 100 ग्रॅम पास्त्याला 1 लिटर पाणी आणि 10 ग्रॅम मीठ असा आहे. विकतच्या सॉसबरोबर मी मीठ निम्म्यावर आणते. अर्ध्या कपात 400 मिलीग्रॅमच्या आसपास सोडियम असलेल्या बाटल्या सर्रास मिळतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्या माणसासाठीची दिवसाची मर्यादा 2000 मिलीग्रॅमपेक्षा कमी आहे. त्यात सॉस आटला की खारटपणा आणखी दाट होतो.

हर्ब्जची वेळ सांभाळा, बस. ओरेगॅनो, थाइम, रोझमेरी सुरुवातीला तेलात. ताजं बेसिल गॅस बंद केल्यावर, हाताने तोडून. वरून कच्च्या ऑलिव्ह तेलाची धार. कारखान्यात उडालेला वास परत आणायचा हा शेवटचा मोका आहे.

पांढऱ्या सॉसला एवढं काही लागत नाही. तो आधीच स्टार्चने घट्ट केलेला असतो, रटरट उकळू नका, पास्त्याच्या पाण्याने सैल करा, ताजी मिरपूड, जायफळ आणि लिंबाची किसलेली साल घाला. पेस्तो, म्हणजे बेसिलचा हिरवा सॉस, तर पॅनवर चढवूच नका. गरम पास्त्यात कालवा आणि मूठभर ताजं बेसिल कुटून मिसळा.

बाटली निवडताना माझा आग्रह एकच, सगळ्यात साधी घ्या. 'रोस्टेड गार्लिक अँड हर्ब' वगैरे नको, त्या वासाचे पैसे मोजायचे आणि तो परत आपणच घालायचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिला टोमॅटो असावा. पाणी आणि पेस्टपासून सुरुवात असेल आणि साखर तिसऱ्या-चौथ्या नंबरावर बसली असेल तर ठेवून द्या परत.

'एवढा खटाटोप करायचा तर ताजे टोमॅटोच का नाही?' हे कुणीतरी विचारणारच. हंगामातले रसरशीत टोमॅटो असतील तर जरूर तेच घ्या. पण एरवी जे फिकट, घट्ट, कच्चे तोडून वाटेत पिकवलेले टोमॅटो मिळतात, त्यांच्यापेक्षा शेतात पिकून कारखान्यात गेलेला टोमॅटो सरस असतो. शिवाय वरचं बहुतेक काम पास्त्याचं पाणी उकळेपर्यंत आणि पास्ता शिजेपर्यंत उरकतं. आणि परंपरेचा दाखला देणाऱ्यांना आठवण: टोमॅटो युरोपात पोचला तोच 16 व्या शतकात, अमेरिका खंडातून. खुद्द इटलीत गाळलेल्या टोमॅटोची बाटली, पासाता, घराघरात असते. तिथे कुणी त्याबद्दल खजील होत नाही.

अर्धी बाटली उरली तर फ्रिजमध्ये ठेवून चार-पाच दिवसांत संपवा, किंवा बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. झाकणाखाली बुरशीचा ठिपका दिसला तर वरचं काढून खालचं वापरायची काटकसर नको, सगळी बाटली टाकून द्या.