क्लच गेलाय, कॉम्प्रेसर नाही

आज संध्याकाळी शेजारच्या काकूंनी वर्कशॉपचं एस्टिमेट दाखवलं आणि डोकं तडकलं. "एसी कॉम्प्रेसर असेंब्ली बदलणे, गॅस भरणे." रक्कम पाच आकडी. तक्रार काय, तर इंजिन चालू केलं की पुढून खरखर. एसी लावला काय, बंद ठेवला काय, आवाज तोच. अहो, एसी बंद असताना कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबणारा पंप, फिरतच नाही! फिरते ती फक्त पट्ट्यावरची पुली; तिला कॉम्प्रेसरशी जोडतो तो क्लच, आणि तो एसी लावल्यावरच जोडला जातो. पट्टा काढून पुली हाताने फिरवली तर बेअरिंगची खरखर बोटांना लागली. पट्टा ताणून धरणाऱ्या टेन्शनरची पुली मात्र गुळगुळीत. दोन मिनिटांचं काम होतं, ते वर्कशॉपमध्ये कोणी केलं नाही. कारण सांगितलं, "क्लच जाम आहे, निघत नाही."

जाम आहे म्हणून अख्खा कॉम्प्रेसर फेकायचा?

इथे बहुतेक जण वस्तू टाकण्याआधी उघडून बघणारे आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. क्लच म्हणजे तीन भाग: पुढची प्लेट, बेअरिंगसकट पुली आणि मागे कॉइल. एसी लावला की कॉइल चुंबकासारखी प्लेटला पुलीवर ओढते आणि शाफ्ट फिरू लागतो. तिन्ही कॉम्प्रेसरच्या बाहेर बसतात. गॅस अडवणारं शाफ्टचं सील त्यांच्या मागे असतं, त्यामुळे क्लच काढताना गॅस सोडावा लागत नाही. "गॅस जाईल" असं सांगून पैसे लावणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका, स्टँड लावा. बऱ्याच छोट्या गाड्यांत चाक आणि मडगार्डचं आतलं प्लास्टिक काढलं की क्लच समोर येतो. जागा कमी पडली तर कॉम्प्रेसरचे बोल्ट सोडून तो पाइपसकट थोडा खाली घ्या आणि तारेने बांधा. पाइपवर लटकवू नका.

आता खरी अडचण. मधला बोल्ट बहुधा एम 6, म्हणजे 6 मिलिमीटर जाडीचा असतो, 10 च्या सॉकेटचा. तो सोडताना प्लेटही फिरते, म्हणून पट्ट्याचा पाना लावून ती धरा. बोल्ट निघाला तरी प्लेट जागची हलत नाही, कारण शाफ्टच्या खाचांत गंज धरलेला असतो. मुंबई-कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत तर हमखास. इथेच लोक दोन बाजूंनी स्क्रूड्रायव्हर घालून उचकटतात. प्लेट वाकते, मागच्या पातळ पट्टीच्या स्प्रिंगा ताणल्या जातात, आणि ती प्लेट पुन्हा कधी सरळ फिरत नाही. काकूंच्या गाडीच्या प्लेटच्या कडेला असे दोन ताजे ओरखडे आहेत. म्हणजे प्रयत्न झाला, तोही चुकीचा.

डेन्सो कंपनीच्या पुष्कळ कॉम्प्रेसरांत प्लेटच्या मधल्या भोकालाच एम 8 चे आटे असतात. त्यात सपाट टोकाचा एम 8 बोल्ट फिरवत गेलं की तो शाफ्टला टेकतो आणि प्लेट स्वतःहून बाहेर येते. पुलर, म्हणजे प्लेट ओढून काढायचं अवजार, तिथेच बनवून ठेवलाय, वापरायचा कोणी? सॅन्डेन कंपनीच्या नेहमीच्या मॉडेलांत प्लेटला तीन आट्यांची भोकं असतात, तिथे तीन बोल्टांचा पुलर लागतो. कडेला नखं अडकवणारा पुलर लावू नका, प्लेट वाकते. गंज फारच असेल तर शाफ्टच्या टोकाशी गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोनच थेंब टाका, पुलरवर ताण ठेवा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी पाव फेरा पुढे, थोडा मागे, पुन्हा पुढे. घाई केली की आटे जातात.

हातोडा नको! शाफ्टवर मारलेला प्रत्येक घाव आतल्या बेअरिंगला आणि सीलला बसतो, आणि मग खरंच कॉम्प्रेसर जातो. बर्नर तर अजिबात नको. उष्णतेने सील जळतं, आणि गळणारा एसीचा गॅस आर-134ए ज्योतीत सापडला तर विषारी वायू तयार होतो.

प्लेट निघाली की मागे शाफ्टवर कागदासारखे वॉशर असतात. ते हरवू नका, क्लचची फट, म्हणजे प्लेट आणि पुलीमधलं अंतर, तेच ठरवतात. पुलीची सर्क्लिप, म्हणजे तिला अडकवून धरणारी स्प्रिंगची कडी, काढताना चष्मा घाला. कॉइलची सर्क्लिप वेगळी. कॉइलमागची खुंटी बसवताना तिच्या भोकातच गेली पाहिजे, नाहीतर पुली कॉइलवर घासते. कॉइलचा रेझिस्टन्स साधारण 3 ते 5 ओहम येतो. मीटर अनंत दाखवत असेल तर कॉइल गेली.

बेअरिंगचा नंबर त्याच्या कडेवरच वाचा, गाडीच्या नावावर विसंबू नका. जुनं बेअरिंग पुलीत ठोकून अडकवलेलं असतं, ते उंचवटे आधी घासून काढा. नवं दाबताना जोर बाहेरच्या रिंगवर, आणि पुली कॉम्प्रेसरवर चढवताना आतल्या रिंगवर. उलट केलंत तर नवं बेअरिंगही महिन्यात खरखरेल. घरच्या व्हाइसने जमत नसेल तर प्रेसवाल्याकडे पाच मिनिटांत होतं.

वर्कशॉपच्या पोरांवर सगळा राग काढणं बरोबर नाही, हे लिहिता लिहिता जाणवतंय. दिवसाला इतक्या गाड्या काढायच्या म्हटल्यावर रात्रभर तेल मुरवायला त्यांना वेळ कोण देणार? असेंब्ली बदलली की काम संपतं, वॉरंटीही देता येते. हे मान्य. आणि शाफ्टच्या तोंडाशी तेलकट धूळ दिसत असेल तर सील गळतंय, तिथे नुसता क्लच बदलून उपयोग नाही. काही नव्या गाड्यांत क्लचच नसतो, आणि हायब्रिडच्या जास्त व्होल्टेजच्या नारिंगी केबलींना घरी हातही लावू नये.

पण काकूंच्या गाडीत यातलं काहीच नाही. तोंड कोरडं आहे, एसी गार आहे. प्लेट जळून निळी पडली असती तर क्लच घसरत होता असं म्हणता आलं असतं, आणि मग गॅस थंड करणाऱ्या कंडेन्सरचा पंखा तपासला असता. तेही नाही. एक बेअरिंग, बस्स.

बसवताना शाफ्टच्या खाचा तारेच्या ब्रशने साफ करा, प्लेट आणि पुलीच्या घासणाऱ्या तोंडांवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसा, सर्क्लिपची उतरती कड बाहेर ठेवा. एम 6 बोल्ट आहे, हात आवरून घट्ट करा. फट फिलर गेजने, म्हणजे मोजलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, तीन ठिकाणी मोजा. मॅन्युअलमधला आकडा अंतिम, साधारण 0.35 ते 0.65 मिलिमीटर. जास्त असेल तर एक वॉशर कमी करा. गार इंजिनवर एसी चालतो आणि गरम झाल्यावर क्लच सुटतो, ही तक्रार बऱ्याचदा याच वाढलेल्या फटीची असते, आणि तिच्यासाठीही कॉम्प्रेसर बदलायला लावतात! शेवटी इंजिन चालू करून एसी दहा-पंधरा वेळा लावा-बंद करा, म्हणजे दोन्ही तोंडं एकमेकांवर बसतात. मग फट पुन्हा मोजा.

काकूंच्या प्लेटमागे तेल टाकून, एम 8 बोल्टवर ताण देऊन ठेवलाय. सकाळी पाव फेरा.