आधी अंदाज, मग पाणी

लहान मुलांनी स्वतः करून विज्ञान शिकावं, यावरचा तुमचा लेख आवडला. पहिली-दुसरीच्या वर्गात ‘शोधमोहिमे’चा कोपरा असावा, भिंग, चुंबक, पाण्याचं घमेलं थेट मुलांच्या हाती द्यावं, हे पटलं. आक्षेप आहे तो शेवटी दिलेल्या छापील कृतिपत्रिकेवर. ‘बुडतं’ आणि ‘तरंगतं’ असे दोन रकाने आधीच आखून दिले की शोध कसला, नुसत्या रिकाम्या जागा भरणं!

त्यापेक्षा मुलांना आधी अंदाज बांधू द्या, मग वस्तू पाण्यात सोडू द्या. खेळायच्या क्लेचा गोळा डुबुककन तळाला जातो. तोच गोळा चेपून, कडा वर उचलून त्याची वाटी केली की तरंगतो. क्ले तेवढीच, वजनही तेवढंच. मग आता ही कुठल्या रकान्यात लिहायची? इथून जी वादावादी सुरू होते तीच खरी मोहीम. (‘घनता’ वगैरे नंतर बघू, घाई नाही.)

बी रुजवून रोज रोपाची उंची मोजायची, ही लेखातली सूचना ठीक आहे. पण त्यात थोडी भर घाला. घेवड्याचं बी काचेच्या ग्लासात, काच आणि ओला टिपकागद यांच्यामध्ये ठेवा. मूळ बोटाच्या पेराएवढं झालं की ग्लास आडवा करा. एक-दोन दिवसांत मुळाचं टोक पुन्हा खाली वळतं, कोपरासारखा बाक स्पष्ट दिसतो. ‘खाली कुठे आहे हे त्याला कसं कळलं?’ असं कुणीतरी विचारतंच. लगेच उत्तर देऊ नका, ग्लास पुन्हा फिरवायला सांगा.

आणि हो, टिपकागद ओलसर हवा, पण बी पाण्यात बुडवून ठेवू नका. कुजतं.