केस मिटवायची असेल तर आधी दुसरी केस घाला

समजा, बांध कोरण्यावरून तुमची आणि चुलतभावाची जुंपली आणि तुमच्या हातातला ऊसतोडीचा कोयता त्याच्या खांद्याला लागला. घाबरू नका. कोल्हापूर जिल्ह्यात ही काही बातमी नव्हे. मारामारी कुणालाही जमते, अभ्यास लागतो तो मिटवायला.

आधी सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्याच्या जखमेच्या दाखल्याकडे बघा. थप्पड-बुक्क्यांवर भागलं असतं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 115(2) लागलं असतं. मार खाणारा तयार असेल तर ते कोर्टाच्या परवानगीशिवायही मिटतं. कोयता आला की 118(1), आणि ते मिटणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीतच नाही. तेव्हा पुढच्या वेळी राग आला तर आधी कोयता बांधावर ठेवा, मग पुढं व्हा. दात पडला किंवा हाड मोडलं तर दुखापत गंभीर ठरते. माणूस 15 दिवस रोजची कामं करू शकला नाही तरीही गंभीरच. जुन्या दंड संहितेत ही मुदत 20 दिवसांची होती, 1 जुलै 2024 पासून तुमचे पाच दिवस गेले. म्हणून चौदाव्या दिवशी चुलतभाऊ म्हशीची धार काढताना चार लोकांना दिसेल, एवढी तजवीज करा.

मग उलटी फिर्याद. ही हवीच. तुमच्याकडं सोडून देण्यासारखं काही नसेल तर समोरचा तरी काय म्हणून सोडेल? फिर्यादीत सदरा फाटला, शिवीगाळ झाली, दमदाटी झाली एवढं पुरे. ही कलमं मिटतात. पण आपल्याकडं उत्साह फार. ‘मारहाण करून गळ्यातली दोन तोळ्यांची चेन हिसकावली’ हे वाक्य हटकून घुसतं. इथंच घात होतो. नुसती चोरी मिटते, मारहाण करून नेलेली चेन मात्र जबरी चोरी होते, आणि ती यादीत नाही. म्हणजे स्वतःच्याच हातानं स्वतःची तडजोड अडवलीत. वर तपासात चेन कधी नव्हतीच असं निघालं तर पोलीस ‘ब’ समरी पाठवतात, म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी. नसलेल्या सोन्याचा भाव तेव्हा कळतो.

आता ती यादी कुठली? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 359, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं 320. त्यात दोन तक्ते आहेत: पहिल्यातले गुन्हे आपसात मिटतात, दुसऱ्यातल्यांना कोर्टाची परवानगी लागते. मिटलं की त्याचा परिणाम निर्दोष सुटल्याचा. तक्त्यात नसेल तर खालच्या कोर्टात कितीही गळ्यात गळे घाला, मॅजिस्ट्रेटचे हात बांधलेले असतात. लोकअदालतीतही तेच. तिथं न मिटणारा गुन्हा घेऊन जाणारे दर वेळी भेटतात आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत रांगेत उभे राहून परततात.

तक्त्याबाहेरच्यांसाठी हायकोर्ट. त्याच संहितेचं कलम 528, जुनं 482. ग्यानसिंग विरुद्ध पंजाब या खटल्यात 2012 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की खासगी वळणाचा तंटा खरोखर मिटला असेल, तर न मिटणारा गुन्हाही हायकोर्ट रद्द करू शकतं; खून, बलात्कार, दरोडा मात्र नाही. 2014 च्या नरिंदरसिंग निकालानं आणखी मोजपट्टी दिली: घाव मर्मावर होता का, हत्यार कोणतं, प्रकरण कोणत्या टप्प्यावर. यातून आपण घ्यायचा धडा सोपा आहे. घाव घालताना मर्मस्थान टाळा आणि समेटाची घाई करा. साक्षीदार तपासून झाल्यावर जागं होणारं प्रेम कोर्टाला संशयास्पद वाटतं.

पूर्वी यासाठी मुंबई गाठावी लागायची. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस, आणि फिर्यादीचं तिकीट, चहा, वडापाव आरोपीच्या खिशातून. ज्याचा खांदा फोडला त्यालाच खालचा बर्थ द्यायचा. 18 ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच, कोल्हापुरात, सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टात बसतं. जखमेचा दाखला आणि जखम माफ केल्याचं प्रतिज्ञापत्र यांत आता एका रस्त्याचं अंतर आहे. चार दशकं वकिलांनी आंदोलन केलं ते काही उगाच नाही.

प्रतिज्ञापत्राचं तंत्र नीट समजून घ्या. अर्जदार तुम्ही, सामनेवाला क्रमांक एक राज्य सरकार, क्रमांक दोन मूळ फिर्यादी. त्याचं संमतीचं प्रतिज्ञापत्र, आधारची प्रत, वकिलानं पटवलेली ओळख. कोर्टात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे, तरी 500 चा स्टॅम्प घ्याच. साध्या कागदावर गावाचा विश्वास बसत नाही. मजकुराची चिंता नको. ‘कोणाच्याही दबावाशिवाय, स्वखुशीने’ हे शब्द टायपिस्टच्या कॉम्प्युटरमध्ये तयारच असतात, नाव तेवढं बदलायचं. कोर्ट विचारेल, ‘कागद वाचलाय का? मर्जीनं आलात का?’ उत्तर ‘होय’. लांबलचक उत्तर देणाऱ्या फिर्यादीनं अर्जाचा घात केलाच म्हणून समजा. सरपंच, दोन पाव्हणे आणि सोसायटीचे चेअरमन बाहेर व्हरांड्यात उभे आहेत, हे त्याला कुणी विचारत नाही. प्रतिज्ञापत्रात तसा रकानाच नाही.

पैशाचं सांगतो. निम्मे सहीला, निम्मे आदेशाला, हा रिवाज. दुसरा हप्ता उसाच्या बिलावर ठेवतात आणि बिल लांबलं की समेटही लांबतो. धनादेश देऊन मोकळे होऊ नका. तो परत आला की धनादेश न वटल्याचा वेगळा गुन्हा, कलम 138, आणि तिथं उशिरा मिटवण्याला दर आहे. 2010 मध्ये सुप्रीम कोर्टानं धनादेशाच्या रकमेच्या 10, 15 आणि 20 टक्के असे टप्पे ठेवले होते. 2025 मध्ये ते 5, साडेसात आणि 10 वर आले. बचावाचा पुरावा नोंदवायच्या आत मिटवलंत तर काहीच नाही. महागाईच्या दिवसांत एवढी स्वस्ताई दुसरीकडं नाही. गुन्हा रद्द करताना हायकोर्ट वेगळा खर्च लावू शकतं. तो बहुतेकदा एखाद्या निधीत जातो, जखमी खांद्याकडं नाही.

काही जण याहून हुशार. पोरीच्या छेडछाडीचं प्रकरणही बापाच्या सहीनं मिटवू म्हणतात. राजस्थानात एका शिक्षकाचं असंच मिटलं होतं. ‘गैरसमज झाला’ असं बापानं लिहून दिलं, 2022 मध्ये हायकोर्टानं गुन्हा रद्द केला. मग गावातलीच माणसं सुप्रीम कोर्टात गेली आणि 7 नोव्हेंबर 2024 ला खटला पुन्हा उभा राहिला. असली त्रयस्थ माणसं गावात असणं तुमच्या दृष्टीनं गैरसोयीचं. ती नाहीत ना, याची खात्री आधी करावी. शिवाय न मिटणारा गुन्हा पैशानं दाबणं हाच वेगळा गुन्हा आहे: घेणाऱ्याला न्याय संहितेचं कलम 250, देणाऱ्याला 251. पाव्हण्यांच्या बैठकीत हे कलम कुणी वाचून दाखवत नाही, कारण ताटं वाढलेली असतात आणि रस्सा गार होतो.

पोरगं पोलीस भरतीला पळत असेल आणि त्याचंही नाव फिर्यादीत आलं असेल, तर फॉर्मवर ‘गुन्हा नाही’ असं लिहू नका. केस मिटली तरी ती झाली होती. मिटलेली केस कदाचित खपते, लपवलेली खपत नाही. समेटानं सुटणं आणि साक्षीपुराव्यातून सन्मानानं सुटणं यांत पडताळणी करणारे फरक करू शकतात. तुम्हाला तो तेव्हा महत्त्वाचा वाटला नव्हता.

आदेशाची प्रमाणित प्रत दोन नकलांत घ्या, एक पोलीस ठाण्यात द्या, एक लॅमिनेट करून ठेवा. बांधाच्या सरकारी मोजणीचा अर्ज मात्र अजून दोघांनीही केलेला नाही. कोर्टात तो विषय निघाला नव्हता. लागणीच्या आधी नांगर पुन्हा त्याच कडेनं जाणार आहे.