चाळीस अंगठे आणि अण्णांचा अंगठा

आज सकाळी कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने व्हिडिओ टाकला. एक चार दारांची भलीमोठी इलेक्ट्रिक गाडी आणि शेजारी दोन सीटची जुन्या वळणाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. हिरवा दिवा लागला, इलेक्ट्रिक सुसाट पुढे, खेळ खलास. खाली त्याने लिहिलं होतं, "या म्हाताऱ्या कंपन्यांना आता मूठमाती द्या." त्यावर चाळीस जणांनी अंगठे दाखवले. चाळीस! सगळे इंजिनिअर, आणि त्यातल्या निम्म्यांनी माझ्यासोबत वर्कशॉपमध्ये कानस मारलेली आहे.

मी तिथे उत्तर लिहिलं आणि खोडलं. चार ओळींत मावणारं नाही ते. म्हणून इथे लिहितेय.

आधीच सांगते, मी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरी पॅकवरच काम करते. माझं घर त्यावर चालतं, त्यामुळे मला पेट्रोलचा पुळका आलाय असं कुणी म्हणू नये. मला राग येतो तो "मूठमाती" या शब्दाचा.

दोन वर्षांपूर्वी अण्णा, माझे वडील, इथे आले होते. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे, अण्णांनी चौतीस वर्षं कोल्हापुरात फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न केले. आधी लाकडात हुबेहूब वस्तू करायची, मग वाळूत तिचा साचा, मग त्यात बीड, म्हणजे वितळलेलं ओतीव लोखंड, ओतायचं. त्यांच्याकडची मोजपट्टी बाजारातल्या पट्टीपेक्षा किंचित लांब असते, कारण बीड थंड होताना शंभराला एक आकसतं. लहानपणी मी त्या पट्टीने वहीत समास आखले होते आणि शाळेत माझे सगळे समास चुकले होते. तर त्या अण्णांना लंडन आवडलं नाही, राजवाडा आवडला नाही. शेवटी मी त्यांना माल्व्हर्नला मॉर्गनच्या कारखान्यात घेऊन गेले. तिथे तिकीट काढून कारखाना बघता येतो.

मॉर्गन ही १९०९ पासूनची छोटी स्पोर्ट्स कार कंपनी. डोंगराच्या पायथ्याशी लाल विटांच्या जुन्या शेडची रांग. गाडी एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये माणसं हाताने ढकलत नेतात. आणि बॉडीचा आतला सांगाडा आजही अ‍ॅश नावाच्या लाकडाचा. (सगळे म्हणतात चासी, म्हणजे गाडीचा खालचा पाया, लाकडाची. नाही हो. चासी अ‍ॅल्युमिनियमची, लाकूड वरच्या बॉडीत.) पातळ फळ्यांना गोंद लावून, साच्यात दाबून चाकावरची कमान करतात.

अण्णा त्या शेडमध्ये शिरले आणि थांबलेच. नाकाने वास घेतला. गाइड पुढे गेली, मंडळी पुढे गेली, अण्णा तिथेच. कामावरच्या एका इंग्रज माणसाने त्यांच्याकडे पाहिलं आणि दाराच्या चौकटीचा अर्धवट झालेला तुकडा त्यांच्या हातात दिला. अण्णांनी डोळे मिटले, अंगठा सांध्यावरून हळूच फिरवला आणि एका जागी टेकवून ठेवला. त्या माणसाने तिथे स्वतःचा तळवा फिरवला, हसला, रंधा उचलला आणि त्याच जागी दोन हात मारले. एक शब्द नाही. भाषाच नव्हती दोघांत. बाहेर आल्यावर अण्णा एवढंच म्हणाले, "अगं, हे आमचंच काम की गं."

आता सांगा, कुणाला मूठमाती देताय?

ग्रुपवर एकाने वर शहाणपण शिकवलं की या कंपन्या आळशी आहेत, बदलत नाहीत. आळशी? मॉर्गनने २०१६ मध्ये जिनिव्हाच्या मोटर शोला तीन चाकांची इलेक्ट्रिक गाडी दाखवली होती. ती बाजारात आलीच नाही, कारण विजेचा भाग बाहेरून यायचा होता आणि ते जुळलं नाही. म्हणून त्यांनी हात टेकले का? २०२३ मध्ये पुन्हा नवी गाडी करून चाचण्या सुरू केल्या.

आणि लोटस, अशीच दुसरी ब्रिटिश स्पोर्ट्स कार कंपनी? तुम्ही ज्या कंपनीच्या नावाने गहिवरता त्या टेस्लाची पहिली गाडी, २००८ ची रोडस्टर, इंग्लंडमधल्या हेथेल गावी लोटसच्या कारखान्यात बांधली जायची. मोटर आणि बॅटरी टेस्लाची, पण बांधणीचं ज्ञान लोटसच्या एलिस या छोट्या गाडीचं. म्हणजे छोट्या स्पोर्ट्स कारवाल्यांनी पाठ वाकवली आणि त्या पाठीवर पाय देऊन हे इलेक्ट्रिक युग वर चढलं. आज त्यांनाच म्हातारे म्हणायचं!

थोडं वजनाबद्दल बोलते, कारण सगळं घोडं तिथे अडलंय. १९९६ च्या एलिसची चासी अ‍ॅल्युमिनियमचे भाग चिकटवून केलेली होती, वजन ६८ किलो. अख्खी गाडी सव्वासातशे किलोच्या आसपास. टेस्ला रोडस्टरची नुसती बॅटरी साडेचारशे किलोची होती. कॅटरहॅम या आणखी एका छोट्या ब्रिटिश कंपनीची सगळ्यात हलकी सेव्हन गाडी ४४० किलोची आहे, म्हणजे दोन बुलेट आणि वर थोडंसं. आता त्यात बॅटरी कुठे घालायची? लहान बॅटरी घाला, असं म्हणणं सोपं आहे. बॅटरी लहान केली की सेल कमी. ताकद तेवढीच हवी असेल तर प्रत्येक सेलवर जास्त ताण येतो. ट्रॅकवर दोन-तीन फेऱ्यांत सेल तापतात आणि गाडी आपणहून जोर कमी करते. हे मी रोज बघते. म्हणून कॅटरहॅमने २०२३ मध्ये जी प्रायोगिक सेव्हन केली, तिचे सेल सरळ वीज न वाहून नेणाऱ्या द्रवात बुडवून ठेवले. उद्दिष्ट काय, तर वीस मिनिटं ट्रॅकवर, पंधरा मिनिटं चार्जिंग, पुन्हा वीस मिनिटं. आणि वजन सातशे किलोच्या आत. दोन टनांची गाडी दोन सेकंदात शंभरवर नेण्यापेक्षा हे मला शतपट अवघड आणि शतपट सुंदर वाटतं.

हो, या श्रीमंतांच्या गाड्या आहेत. मान्य. आपल्यापैकी कुणी घेणार नाही.

पण सूट मिळाली ना त्यांना, असंही एकाने लिहिलं. मिळाली. ब्रिटनमध्ये २०३० नंतर निव्वळ पेट्रोलवर चालणारी नवी गाडी विकता येणार नाही, त्यातून अगदी छोट्या उत्पादकांना सरकारने एप्रिल २०२५ मध्ये वगळलं. युरोपातही वर्षाला हजारापेक्षा कमी गाड्या करणाऱ्यांना सवलत आहे. चांगलं झालं. पण अहो, ही मंडळी इंजिन बनवतात कुठे? कॅटरहॅम फोर्डकडून आणि सुझुकीकडून घेते, मॉर्गन बीएमडब्ल्यूकडून, लोटसने टोयोटाकडून घेतलं, मर्सिडीजच्या एएमजीकडून घेतलं. मोठ्यांनी इंजिनं करणं थांबवलं की सवलतीचा कागद काय टाकीत ओतायचा? आणि दुसऱ्या बाजूला बॅटरीवाले त्यांना दारात उभं करत नाहीत. इथल्या एका छोट्या कंपनीतली माझी मैत्रीण सेलसाठी एका मोठ्या पुरवठादाराकडे गेली होती. पहिला प्रश्न: वर्षाला किती लाख? तिला काही शेकडा गाड्यांसाठी हवे होते. बैठक दहा मिनिटांत संपली.

इथे कुणीतरी बोलायला हवं. कायद्यात वेळ दिलात, आता सुटे भाग द्या. मोठ्या कंपन्यांनी छोटा, हलका मोटर-बॅटरीचा संच थोड्या संख्येने विकायला काय हरकत आहे? इंजिनं विकत होतातच ना इतकी वर्षं?

नाहीतर काय होतं ते लोटसने दाखवलंय. हे लिहिताना मला खरंच वाईट वाटतंय. लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन याने आयुष्यभर एकच गोष्ट सांगितली, वजन काढा. त्याच्या कंपनीचा मोठा हिस्सा २०१७ मध्ये चीनच्या जीलीकडे गेला, आणि आता लोटसच्या नावाने वुहानमध्ये अडीच टनांची इलेक्ट्रिक एसयूव्ही बनते. अडीच टन! पहिल्या एलिसच्या तिपटीहून जास्त. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनमधल्या साडेपाचशेपर्यंत नोकऱ्या जाणार असं कंपनीने जाहीर केलं. जीलीचे पैसे नसते तर कदाचित कुलूपच लागलं असतं, हेही खरं आहे. पण त्या साडेपाचशेंत अंगठा फिरवून सांधा ओळखणारे किती असतील, हा विचार डोक्यातून जात नाही.

अण्णांच्या फाउंड्रीत हेच झालं. पॅटर्न कॉम्प्युटरवर आले, मशीन कापायला लागलं. मशीन चांगलंच कापतं, त्यात वाद नाही, अण्णाही तेच म्हणतात. पण शेवटच्या वर्षी ते घरी येऊन गप्प बसायचे. कुणी त्यांना काढलं नव्हतं. कुणी विचारत नव्हतं, एवढंच. माल्व्हर्नला त्या इंग्रज माणसाने विचारलं. तुकडा हातात देऊन विचारलं.

आपल्याकडेही अशी एक गाडी येता येता राहिली. २०१७ मध्ये जिनिव्हालाच टाटांनी रेसमो दाखवली होती, दोन सीटची, छोटी, देखणी. तेव्हा मी पुण्यात होते आणि आम्ही ऑफिसात अक्षरशः पेढे वाटले होते. ती रस्त्यावर आली नाही. मुंबईच्या महिंद्रांच्या मालकीच्या कंपनीने इटलीत बतिस्ता केली, पूर्ण इलेक्ट्रिक, एकोणीसशे हॉर्सपॉवर, जास्तीत जास्त दीडशे गाड्या. अभिमान आहेच. पण मला रेसमोचीच हळहळ जास्त आहे. ती कोल्हापूरच्या एखाद्या पोराला हप्त्यावर तरी घेता आली असती.

ग्रुपवर मी शेवटी त्या लाकडाच्या तुकड्याचा फोटो टाकला. निघताना त्या माणसाने अ‍ॅशचा एक कापलेला तुकडा अण्णांच्या खिशात घातला होता. अण्णांनी तो घरी नेऊन पटाशीच्या पेटीत ठेवलाय. फोटो बहिणीने पाठवला. अजून कुणी काही लिहिलेलं नाही.

अण्णांचा व्हिसा झालाय, मेमध्ये येतायत. माल्व्हर्नची तिकिटं काढतेय. बर्मिंगहॅमकडचं कुणी येणार असेल तर सांगा, गाडीत दोन जागा आहेत.